अध्यापनवृत्ती आणि होतकरू लेखक

१

मराठीत ‘वृत्ती’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मनाचा स्थायी कल ही वृत्ती, आणि उपजीविकेचे साधन हीही वृत्तीच. लेखनाची आकांक्षा बाळगणारा तरुण जेव्हा अध्यापनाच्या मार्गाचा विचार करू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा यांतला दुसरा अर्थ असतो. पहिला त्याच्यामागून आपोआप येईल असे तो गृहीत धरतो. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

भारतीय भाषांच्या बहुतेक पदव्युत्तर विभागांत असा एखादा विद्यार्थी आढळतो, की ज्याच्या काही कविता वा कथा नियतकालिकांतून आलेल्या असतात, ज्याचे वाचन अभ्यासक्रमाच्या बाहेर गेलेले असते, आणि परीक्षा संपल्यावर पुढे काय, या प्रश्नाने ज्याला घेरलेले असते. घरची परिस्थिती त्याला फार काळ थांबू देत नाही. लेखनावर पोट भरणार नाही हे त्याला ठाऊक असते. वृत्तपत्र, आकाशवाणी, जाहिरात, भाषांतर, सरकारी कचेरी हे मार्ग त्याच्या नजरेसमोरून जातात आणि अखेर तो अध्यापकीशी येऊन थांबतो. त्याचा युक्तिवाद सरळ असतो. पुस्तकांचा सहवास राहील, उन्हाळ्याची सुटी मिळेल, पगार वेळेवर होईल, समाजात मान राहील, आणि उरलेल्या वेळात लिहिता येईल. घरची वडीलधारी माणसे हाच सल्ला देतात. त्याचे प्राध्यापकही, पुष्कळदा स्वतः लिहिणारे असल्याने, आपल्याच आयुष्याचा दाखला देऊन त्याला दुजोरा देतात.

हा सल्ला सदिच्छेने दिलेला असतो. परंतु तो ज्या अटींवर उभा होता त्या अटी आज उरलेल्या नाहीत. आणि ज्या काळात त्या होत्या असे मानले जाते, त्या काळातही हा व्यवहार वाटतो तितका सोपा नव्हता.

२

मराठी लेखक आणि शिक्षक यांचे नाते आधुनिक मराठी साहित्याइतकेच जुने आहे. १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली. त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली निघाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली ती सरकारी शाळेत शिक्षक असताना. १८७९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारी चाकरीला कंटाळलेल्या या गद्यकाराला शिकवणे सोडावेसे वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

हे नाते जुळले याची कारणे व्यावहारिक होती. अर्वाचीन मराठी गद्य मोठ्या प्रमाणात शाळेच्या गरजेतूनच घडले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. त्याच्या मागेपुढे क्रमिक पुस्तके, भाषांतरे, कोश यांची रांग लागली. राजाश्रय लोपला होता आणि ग्रंथ विकत घेणारा वाचकवर्ग तयार व्हायचा होता. मधल्या पोकळीत शिक्षणखाते हेच भाषेत काम करणाराचे पोशिंदे झाले. वाचकवर्ग पुढे वाढला, पण लेखकाला पोसण्याइतका तो मराठीत क्वचितच झाला. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागावीत, ही कवितेच्या बाबतीत तरी नेहमीची स्थिती राहिली. अशा परिस्थितीत शाळा-महाविद्यालयांनी लेखकाला सांभाळले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या आश्रयाची किंमतही प्रथमपासूनच दिसते. केशवसुतांनी मुंबईत मिळतील त्या तात्पुरत्या नोकऱ्या केल्या, नंतर खानदेशातील फैजपूर येथे आणि अखेरीस धारवाड येथे शिक्षकी केली, आणि १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. ‘केशवसुतांची कविता’ प्रसिद्ध झाली ती १९१७ साली, हरि नारायण आपट्यांच्या पुढाकाराने. आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून ज्याला शाळेत शिकवले जाते, त्याला स्वतःला शाळेने जेमतेम जगवले.

३

‘लेखक-अध्यापक’ असा एकच नमुना नाही. मराठीतील उदाहरणे जवळून पाहिली तर निदान तीन निरनिराळे व्यवहार दिसतात, आणि होतकरू लेखकाने त्यांतला फरक ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला व्यवहार शालेय शिक्षकाचा. वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत गेले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या १९३४ च्या कादंबऱ्या त्या आडगावातल्या आहेत. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिकवले आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी नोकरी सोडली. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. या पुस्तकाची रचना रात्रीमागून रात्र मुलांना सांगितलेल्या बेचाळीस कथनांची आहे. समोर वर्ग नसताना, कोठडीत, हा शिक्षक आपल्यासमोर श्रोते बसवूनच लिहितो. शाळेने त्यांना काय दिले याचे उत्तर या रचनेत आहे. फुरसत तर तेथे नव्हतीच. मिळाला तो ऐकणारा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य तोडण्याची-जोडण्याची सवय. त्या पुस्तकाच्या भावुकतेविषयी मतभेद असू शकतील. त्याच्या कथनरीतीचे मूळ शिकवण्यात आहे याविषयी नसावा. नारायण सुर्वे यांची वाट याहून वेगळी. गिरणगावात वाढलेला हा कवी मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होता, मग शिक्षक झाला. १९६६ च्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. ते विद्यापीठ कोणते हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा व्यवहार, साहित्येतर विषय किंवा परभाषा शिकवून मराठीत लिहिणाऱ्यांचा. गंगाधर गाडगीळ आणि पु. शि. रेगे दोघेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. ‘सावित्री’सारखी हळुवार पत्ररूप कादंबरी १९६२ मध्ये लिहिणारा माणूस दिवसा अर्थशास्त्र शिकवीत होता. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, म्हणजे मराठीच्या मुलखाबाहेर, इंग्रजी शिकवीत राहिले. त्यांच्या भोवतीची भाषा कन्नड, वर्गातली इंग्रजी आणि लेखनाची मराठी. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हाही ते मराठी साहित्यव्यवहाराच्या केंद्रापासून दूरच होते. या लेखकांच्या बाबतीत शिकवण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांत एक भिंत उभी राहिली, आणि ती त्यांच्या उपयोगी पडली असे मानायला जागा आहे. दिवसभर ज्या शब्दांचे दळण दळले, तेच शब्द रात्री कागदावर उतरवण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

तिसरा व्यवहार स्वभाषेचे साहित्य शिकवणाराचा. होतकरू लेखकाला हा सर्वांत जवळचा आणि सर्वांत सोयीचा वाटतो. वस्तुतः तोच सर्वांत अवघड आहे.

४

तो अवघड का, हे सांगण्यासाठी वर्गात भाषेचे काय होते ते पाहावे लागेल. साहित्याच्या अध्यापकाचे नित्याचे काम म्हणजे स्पष्टीकरण. कवितेतील एक ओळ घ्यायची, तिचा संदर्भ सांगायचा, आशय सोपा करून मांडायचा, अलंकार दाखवायचा, आणि हे सारे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मावेल अशा बेताने करायचे. ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ हा प्रश्न भारतातील जवळजवळ प्रत्येक भाषेच्या विद्यार्थ्याने सोडवलेला आहे. यात गैर काही नाही. अपरिचित मजकूर समजावून देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. परंतु लेखनाची प्रवृत्ती नेमकी उलट दिशेने जाते. जे स्पष्ट करून सांगता येत नाही, ज्याला अजून नाव नाही, तेथून लेखनाला सुरुवात होते. वर्षानुवर्षे स्पष्टीकरणाच्या भाषेत वावरलेला लेखक हळूहळू असे लिहू लागतो, की जे सहज समजावून देता यावे. त्याच्या कथेचे तात्पर्य कथेआधी तयार असते. त्याच्या कवितेतल्या प्रतिमा वर्गात उलगडून दाखवण्यासाठीच घडवलेल्या वाटतात. ही झीज त्याला स्वतःला कळत नाही, कारण वर्ग त्याला दाद देत असतो.

दुसरा धोका अधिकाराचा. वर्गात प्राध्यापकाच्या विधानाला सहसा कोणी हरकत घेत नाही. अभ्यासमंडळावर जागा मिळते, क्रमिक पुस्तकांच्या संपादनात नाव येते, परिसंवादांची निमंत्रणे येतात. साहित्य शिकवणारा, साहित्य निवडणारा, त्याचे परीक्षण करणारा आणि ते लिहिणारा एकच माणूस होतो. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो याची चिकित्सा केली, तिच्या मुळाशी हे वास्तवही होते. त्यांनीच १९७५ ते १९७९ या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक उभा केला. गावोगावच्या महाविद्यालयांतून बिऱ्हाड हलवीत फिरणारा, संस्थाचालक, जातीचे हिशेब आणि स्टाफरूममधील क्षुद्रता पाहणारा हा माणूस मराठीतील अध्यापकीच्या भाबड्या चित्राला मिळालेले कठोर उत्तर आहे. अध्यापकी हा लेखनाला आश्रय आहे असे मानणाऱ्या तरुणाने अर्ज करण्यापूर्वी निदान ही कादंबरीमालिका वाचावी.

या धोक्यांची जाणीव इतर भाषांतही आहे. जीवनानंद दास आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापक होते. तरीही कवितेवर टीकाभाष्य करून पगार घेणाऱ्या अध्यापकावरची सर्वांत बोचरी बंगाली कविता त्यांचीच आहे.

५

जीवनानंदांचे नाव निघाले की सुरक्षिततेचा मुद्दाही पुढे येतो. अध्यापकी म्हणजे निदान खात्रीची भाकरी, असे म्हटले जाते. त्यांची कलकत्त्याच्या महाविद्यालयातील नोकरी १९२८ मध्ये गेली. मध्ये दिल्लीस थोडे दिवस काढून, काही वर्षे बेकारीत घालवून, १९३५ मध्ये ते बारिसालच्या महाविद्यालयात स्थिरावले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते मोठ्या संख्येने अप्रकाशित पडून होती.

मराठीशी नाते असलेली दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले. ‘नरबली’ या कवितेपायी १९३२ च्या सुमारास त्यांना तुरुंगवास घडला आणि त्यानंतर दीर्घकाळ त्यांना स्थिर नोकरी मिळाली नाही. १९४४ ते १९५६ या काळात त्यांनी कन्नड शिकवले ते सोलापुरात. गजानन माधव मुक्तिबोध हेही मराठी घरातले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, थोरल्याने हिंदी पत्करली. उज्जैन, शुजालपूर, जबलपूर, नागपूर अशी शाळा-नियतकालिके-आकाशवाणी यांमधली वणवण केल्यावर १९५८ मध्ये त्यांना राजनांदगावच्या महाविद्यालयात जागा मिळाली. शिक्षकाने करावे तसे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. दोनच वर्षांनी, वयाच्या ४७ व्या वर्षांच्या आत, ते गेले. पहिला कवितासंग्रह छापून हातात पडायच्या आत. त्यांची सर्वांत मोठी कविता राजनांदगावच्या वर्षांत आकाराला आली हे खरे आहे. पण ती सुरक्षिततेतून आली असे म्हणता येणार नाही.

६

ही झाली जुनी कहाणी. त्या काळी व्यवहार निदान स्पष्ट होता: पगार थोडा, पण वेळ आणि मान पुरेसा. आज अध्यापकीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणाला काय दिसते?

महाविद्यालयात शिकवायचे तर १९८९ पासून सुरू झालेली ‘नेट’ किंवा महाराष्ट्रापुरती ‘सेट’ उत्तीर्ण व्हावी लागते. पीएच्. डी. ची अटही मधल्या काळात पुढेमागे होत राहिली: २०१८ च्या नियमांनी विद्यापीठ विभागांसाठी ती जुलै २०२१ पासून सक्तीची ठरवली, मग ती मुदत जुलै २०२३ पर्यंत ढकलली, आणि ती संपता संपता सक्ती मागे घेतली. या दरम्यान अनेकांनी केवळ पात्रतेसाठी प्रबंध लिहिले. शाळेत जायचे तर २०१५ पासून बी. एड्. दोन वर्षांचे झाले. प्राथमिक शिक्षकासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, नंतर अभियोग्यता चाचणी आली. निवड झालीच तर २००० मध्ये सुरू झालेल्या योजनेप्रमाणे पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून मानधनावर काढायची. ते मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये करण्यात आले. आणि ज्याची निवड होत नाही तो तासिका तत्त्वावर, दोन-तीन महाविद्यालयांत एस. टी. ने धावत, वर्षातले काही महिने मोबदला मिळवीत राहतो. दर जूनमध्ये त्याची नेमणूक नव्याने होते किंवा होत नाही.

बाविसाव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंतचा, लेखक घडण्याचा काळ अशा रीतीने पात्रता मिळवण्यात आणि वाट पाहण्यात जातो. त्यानंतर कायम जागा मिळालेल्या भाग्यवंताला अहवाल, मूल्यांकन समित्यांची तयारी, गुणांकनाचे तक्ते यांना तोंड द्यावे लागते. त्या तक्त्यांत शोधनिबंधाला गुण आहेत, भाषांतरालाही आहेत. कवितासंग्रहासाठी वेगळा रकाना शोधावा लागेल. उन्हाळ्याची सुटी आणि निवांत संध्याकाळ यांवर उभा असलेला जुना युक्तिवाद येथे ढासळतो. निव्वळ आश्रय म्हणून पाहिले तर अध्यापकी हा आज वाईट सौदा आहे. संध्याकाळी संपणारे कुठलेही प्रामाणिक काम, मग ते बँकेतले असो, मुद्रितशोधनाचे असो, कचेरीतले असो, लेखकाला यापेक्षा अधिक मोकळे ठेवील.

आणि हा सौदा केवळ लेखकाच्या बाजूने तोलणे न्यायाचे नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाने कोणत्याही होतकरू लेखकाला पोसण्याचे कंत्राट घेतलेले नाही. जो शिक्षक वर्गात शरीराने असतो आणि मनाने आपल्या अपुऱ्या कादंबरीत, तो त्या मुलाचे नुकसान करतो. जिथे शाळेशिवाय पुस्तक भेटण्याचा दुसरा मार्ग नाही, तिथे हे नुकसान भरून निघत नाही. प्रतिभेची सबब तेथे पुरेशी पडत नाही.

७

मग लेखकाने शिक्षक होऊच नये काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण वर्गाजवळ एक अशी गोष्ट आहे जी इतर कोणत्याही नोकरीत इतक्या विपुलतेने मिळत नाही.

महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यातील शाळेत मराठी एक नसते. क्रमिक पुस्तकातली मराठी फळ्यावर असते. बाकांवर अहिराणी असते, वऱ्हाडी असते, मालवणी असते, कुठे गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या घरांतून आलेली मुले असतात. मुलगा आधी घरच्या शब्दाने बोलतो, मग दबकून पुस्तकी शब्दाकडे वळतो. त्या दोन शब्दांमधल्या क्षणभराच्या शांततेत एका समाजाचा सगळा इतिहास असतो. शिक्षकाला तो दिवसातून अनेकदा ऐकू येतो, ऐकायचे ठरवले तर. महाराष्ट्राबाहेर, बडोदे, इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथे मराठी शिकवणाराला हीच गोष्ट निराळ्या रूपात भेटते: घरात मराठी बोलणारी आणि रस्त्यावर दुसऱ्या भाषेत जगणारी मुले त्याच्यासमोर बसतात, आणि त्यांची वाक्यरचनाच त्यांचे चरित्र सांगते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’चा निवेदक धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळ्या वयाचा मास्तर आहे, हा केवळ कथानकाच्या सोयीचा भाग नाही. ज्या वस्तीला शाळेची गरजच वाटत नाही, तेथे शिकवायला आलेल्या माणसाला आधी वस्तीची भाषा आणि रीत शिकावी लागते. तो शिकत जातो म्हणूनच त्याला वस्ती दिसत जाते.

येथे ‘वृत्ती’चे दोन अर्थ पुन्हा एकत्र येतात. ज्याला मुलांची उत्तरे ऐकण्यात, चुकीच्या उत्तरातही, खरोखर रस वाटतो, त्याने या मार्गाने जावे. त्याच्या लेखनाचे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही, पण त्याचे दिवस वाया जाणार नाहीत. ज्याला वर्ग हा लेखनाच्या खोलीकडे जाण्याच्या वाटेवरचा अडथळा वाटतो, त्याने दुसरे काम पाहावे. स्वतःविषयी हे जाणून घेण्यासाठी प्रमाणपत्रांची वाट पाहण्याची गरज नाही. एखाद्या शाळेत वा रात्रशाळेत वर्षभर शिकवून पाहिले, तर वर्ग सुटल्यावर मन भरलेले असते की रिकामे, हे ज्याचे त्याला समजते.

साहित्याच्या विभागांवरही यातून एक जबाबदारी येते. चांगली कविता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘नेट दे, लागशील कुठेतरी’ असे सांगणे हा आता सल्ला राहिलेला नाही. ती सवय झाली आहे. विभागांनी त्याला रिक्त जागांची आणि मानधनाची खरी स्थिती सांगावी, भाषांतर, संपादन, कोशकार्य, ग्रंथालय यांसारख्या भाषेच्या इतर कामांची ओळख करून द्यावी, आणि शिकवण्याकडे पाठवायचेच असेल तर आधी शाळेच्या वर्गात पाठवावे. साहित्याचा अभ्यास करणारे जे विभाग केशवसुत आणि मुक्तिबोध यांच्या हालअपेष्टांवर प्रबंध लिहून घेतात, त्यांनी आपल्यासमोर बसलेल्या लेखकाला निदान अर्धवट माहितीच्या भरवशावर त्याच वाटेने पाठवू नये.